गोचीड ताप : आधी तपासणी, मग उपचार
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गोचीड आणि गोचिडीमुळे जनावरांना होणारे रोग प्रयोगशाळेत कसे तपासले जातात, या विषयावर आज आपल्याशी बोलायचे आहे. मी सस्यविद्या शिकवतो. चारापिके हा माझा विषय. तेव्हा सस्यविद्येच्या माणसाने गोचिडीवर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आपण संकरित नेपियर लावतो, लसूणघासाला पाणी देतो, ज्वारीचा कडबा रचून ठेवतो, ते सारे गाईच्या पोटात जाऊन दुधाचा पैसा घरात यावा म्हणून. ती गाय आठ दिवसांच्या तापात दगावली, तर चाऱ्याचा सगळा हिशेबच कोलमडतो. म्हणून पशुवैद्यक सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

आपण माती परीक्षण करून घेता. शेतातून नमुना कसा घ्यायचा, बांधाजवळची किंवा खताच्या ढिगाखालची माती का घ्यायची नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. नमुना चुकला तर शिफारसही चुकते. जनावराच्या रक्ताचे आणि अंगावरच्या गोचिडीचेही तसेच आहे. फरक एवढाच, की मातीला दोन महिने थांबता येते, तापलेल्या गाईला दोन दिवसही थांबता येत नाही.

एक ताप, तीन रोग

"गाईला गोचीड ताप आला" असे आपण सरसकट म्हणतो. पण गोचिडीमुळे येणारे आपल्याकडचे मुख्य ताप तीन आहेत आणि तिन्हींची औषधे वेगळी आहेत.

पहिला थायलेरिओसिस. याचे जंतू आधी पांढऱ्या पेशींत वाढतात व नंतर तांबड्या पेशींत शिरतात. ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते. गाय चारा सोडते, धापा टाकते, डोळ्यांची आतली कड पांढुरकी पडते. होल्स्टिन, जर्सी व त्यांच्या संकरित गाई आणि विशेषतः त्यांची वासरे या रोगाला लवकर बळी पडतात. देशी जनावरे त्या मानाने तग धरतात.

दुसरा बबेसिओसिस. यात तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी कॉफीसारखी तांबूस काळी होते. म्हणूनच याला लाल लघवीचा रोग म्हणतात.

तिसरा ॲनाप्लाज्मोसिस. यातही रक्त कमी होते, कावीळ दिसते, शेण घट्ट होते. पण लघवी सहसा लाल होत नाही.

थायलेरिओसिसवर बुपारव्हाक्वोन हे औषध चालते. बबेसिओसिसवर डिमिनाझिन किंवा इमिडोकार्ब चालते. ॲनाप्लाज्मोसिसवर ऑक्सिटेट्रासायक्लिन उपयोगी पडते. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर पैसा जातोच, शिवाय मधले दोन-तीन दिवस जातात, आणि थायलेरिओसिसमध्ये तेच दिवस गाईच्या जगण्याचे असतात. त्यातच कधी कधी एकाच जनावरात दोन रोग एकदम असतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती माझ्या विषयाजवळची आहे. म्हैस किंवा जास्त दुधाची गाय व्याल्यानंतर काही दिवसांत लाल लघवी करू लागते, अंगात ताप मात्र नसतो. पुष्कळदा याचे कारण गोचीड नसून स्फुरदाची कमतरता हे असते. जमिनीत स्फुरद कमी, म्हणून चाऱ्यात कमी आणि चाऱ्यात कमी, म्हणून रक्तात कमी. अशा जनावराला गोचीड तापाचे इंजेक्शन देऊन काय उपयोग? लघवीचा रंग दोन्हीकडे सारखाच. फरक दिसतो तो रक्ताच्या तपासणीत.

हे ज्ञान आले कोठून ?

गोचिडीमुळे रोग पसरतो ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ती कोणी मान्य करीत नव्हते. अमेरिकेत दक्षिणेकडची गुरे उत्तरेकडे नेली की उत्तरेची गुरे लाल लघवी होऊन मरत. दक्षिणेची मात्र धडधाकट राहत. गुराखी म्हणत, हा गोचिडीचा प्रताप आहे. विद्वान हसत.

१८८९ पासून थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न या दोघांनी वॉशिंग्टनजवळच्या सरकारी प्रक्षेत्रावर याचा छडा लावला. त्यांची पद्धत आपण प्लॉट पाडून करतो तशीच होती. एका कुंपणात गोचिडी असलेली दक्षिणेची गुरे व उत्तरेची गुरे एकत्र ठेवली. दुसऱ्या कुंपणात दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरची एक-एक गोचीड हाताने वेचून काढली आणि मग ती उत्तरेच्या गुरांत सोडली. आणखी एका कुंपणात दक्षिणेची गुरे नव्हतीच, नुसत्या गोचिडी सोडल्या. जेथे गोचिडी होत्या तेथे उत्तरेची गुरे आजारी पडली. जेथे वेचून काढल्या तेथे पडली नाहीत. हा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. संधिपाद प्राण्यामार्फत एखादा रक्तरोग पसरतो, याचा तो फार मोठा पुरावा ठरला. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेने या गोचिडीच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोलगतचा एक पट्टा सोडून बहुतेक देश मोकळा केला.

योगायोग असा, की त्याच १८८९ साली आपल्या पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. ती पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आज तीच इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. गोचिडीवरचे मोठे काम तेथे चालते.

पहिली तपासणी : गोचीड कोणती ?

आपल्या जनावरांवर मुख्यतः दोन जातींच्या गोचिडी आढळतात. प्रयोगशाळेत गोचीड सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिचे तोंड, पाय आणि पाठीवरची ढाल पाहतात.

१) ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. हिलाच पूर्वी बुफिलस म्हणत. हिचे तोंड आखूड, पाय फिकट. लार्वा, निम्फ आणि प्रौढ या तिन्ही अवस्था एकाच जनावराच्या अंगावर पार पडतात. लार्वा अंगावर चढल्यापासून रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडेपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. एक मादी दोन ते तीन हजार अंडी घालते आणि मरते. बबेसिओसिस मुख्यतः हिच्यामुळे पसरतो.

२) हायलोमा ॲनाटोलिकम. हिचे तोंड लांब, पायांवर फिकट कडी दिसतात. ही आपल्या आयुष्यात दोन किंवा तीन वेळा जनावर बदलते. मधल्या काळात ती खाली उतरून भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांदीत लपते, कात टाकते आणि पुन्हा चढते. थायलेरिओसिस पसरवणारी हीच.

आता बघा, नुसती जात कळली तरी उपाय बदलतो. पहिल्या जातीच्या गोचिडी असतील तर जनावराच्या अंगावर उपचार करावा लागतो आणि तीन आठवड्यांचा हिशेब ठेवून तो पुन्हा करावा लागतो. चराऊ रानही काही काळ रिकामे सोडावे लागते. दुसऱ्या जातीच्या असतील तर जनावर कितीही वेळा फवारा, गोठ्याच्या भेगा बुजवल्या नाहीत तर आठवड्यात पुन्हा गोचिडी दिसतील. कारण शत्रू भिंतीत बसलेला आहे.

दोन्हींत आणखी एक महत्त्वाचा फरक आहे. बबेसियाचे जंतू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात, म्हणजे गोचिडीचे पिल्लू जन्मतःच रोग घेऊन येते. थायलेरियाचे तसे नाही. लहानपणी आजारी जनावराचे रक्त पिताना हायलोमा जंतू घेते आणि कात टाकून मोठी झाल्यावर दुसऱ्या जनावराला देते; अंड्यांतून तो जात नाही.

हे कसे शोधून काढले? प्रयोगशाळेत निरोगी गोचिडी पाळतात. रक्त पिऊन पडलेली मादी काचनळीत ठेवून तोंडाला मलमलचे कापड बांधतात. उबवणी कपाटात सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता राखतात. मादी अंडी घालते, साधारण तीन आठवड्यांनी पिल्ले निघतात. सहा पाय असले तर लार्वा, आठ झाले की निम्फ. ही पिल्ले प्राणी-प्रयोगांच्या नियमांनुसार परवानगी घेऊन वासराच्या कानाला कापडी पिशवी चिकटवून तिच्यात सोडतात. आजारी वासराच्या कानावर वाढलेली गोचीड पुढच्या अवस्थेत निरोगी वासराच्या कानावर सोडली, की रोग होतो किंवा होत नाही ते दिसते. गोचिडीच्या लाळग्रंथी काढून, विशिष्ट रंग देऊन, त्यांत जंतू आहेत का तेही पाहतात.

या कामातूनच आपल्या उपयोगाची एक गोष्ट कळली. थायलेरियाची हायलोमा चिकटल्याबरोबर रोग देत नाही. लाळेतील जंतू पक्व व्हायला सर्वसाधारणपणे दोन-तीन दिवस लागतात. कडक उन्हाळ्यात ही मुदत कमी होऊ शकते. तरीही रोज दूध काढण्याच्या वेळी कानाच्या आत, कासेच्या मागे, शेपटीच्या बुडाशी हात फिरवून गोचिडी काढणारा शेतकरी पुष्कळ रोग गोठ्याबाहेर ठेवतो.

दुसरी तपासणी : रक्ताची काच

सर्वांत जुनी, स्वस्त आणि आजही सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे रक्ताची काचपट्टी. पशुवैद्यक कानाच्या टोकावरचे केस कापून, स्पिरिटने पुसून, जागा कोरडी करून बारीक टोचतात. रक्ताचा छोटा थेंब स्वच्छ काचेवर घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेने पातळ पसरवतात. काच हवेत वाळवतात, मिथेनॉलमध्ये दोन ते पाच मिनिटे बुडवून रक्त काचेवर पक्के करतात, मग गिम्सा नावाचा रंग अर्धा-पाऊण तास देतात. धुऊन वाळवली की तेलाचा थेंब टाकून सुमारे हजारपट मोठे करून पाहतात. काच प्रयोगशाळेत पोहोचल्यावर तास-दीड तासात उत्तर मिळू शकते.

काय दिसते? बबेसिया असेल तर तांबड्या पेशीत पाण्याच्या थेंबासारख्या टोकदार आकारांची जोडी, टोके एकमेकांकडे केलेली. ॲनाप्लाज्मा असेल तर पेशीच्या अगदी कडेला गडद ठिपका. थायलेरिया असेल तर बारीक कडे, स्वल्पविराम किंवा काडीसारखा आकार.

थायलेरियाच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. ताप चढतो तेव्हा सुरुवातीला जंतू तांबड्या पेशींत फारसे नसतात. ते सुजलेल्या गाठीत, पांढऱ्या पेशींत असतात. म्हणून पशुवैद्यक खांद्यापुढच्या गाठीत सुई घालून थोडासा द्रव काढतात व त्याचीही काच करतात. पांढऱ्या पेशीत निळसर पुंजके दिसले की निदान पक्के. त्यांना रॉबर्ट कॉक या शास्त्रज्ञाच्या नावावरून कॉकचे निळे पुंजके म्हणतात. गाठीत सुई घालताना पाहून काही जण घाबरतात आणि "राहू द्या डॉक्टर" म्हणतात. तसे करू नका. रक्ताची काच स्वच्छ आणि गाठीची काच रोगट, असे सुरुवातीच्या दिवसांत सर्रास घडते.

काच केव्हा घ्यायची? ताप चढलेला असताना आणि पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी. औषध अंगात गेले की रक्तातील जंतू झपाट्याने कमी होतात. मग काच स्वच्छ दिसते आणि आपण समजतो की हा रोग नव्हताच. गाय अडलेली असेल तर पशुवैद्यक लक्षणे पाहून लगेच उपचार सुरू करतील, ते योग्यच आहे. पण काच घ्यायला दोन मिनिटे लागतात. "डॉक्टर, आधी काच घ्या, मग सुई द्या" एवढे आपण म्हणायला शिकले पाहिजे.

तिसरी तपासणी : पी.सी.आर. आणि एलायझा

काच पाहताना काही हजार पेशी नजरेखालून जातात. जंतू फार थोडे असतील तर ते सुटतात. एकदा आजारातून उठलेले जनावर वरून ठणठणीत दिसते, पण त्याच्या रक्तात थोडे जंतू वर्षानुवर्षे राहू शकतात. असे जनावर स्वतः आजारी नसते, परंतु गोचिडीला जंतू पुरवत राहते. अशा वेळी पी.सी.आर. चाचणी उपयोगी पडते.

या चाचणीचे तत्त्व आपल्याला सहज समजेल. नव्या वाणाचे मूठभर बी हाती आले तर आपण ते पेरून वाढवतो, पुढच्या हंगामात ते पुरेसे होते. पी.सी.आर.मध्ये जंतूच्या गुणसूत्राचा एक ओळखीचा तुकडा यंत्रात दर फेरीला दुप्पट करतात. अशा तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर तुकडे होतात. मग तो आहे की नाही, हे सहज दिसते. अमेरिकेच्या कॅरी म्युलिस यांनी ही पद्धत शोधली व त्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातच काय, गोचिडीच्या पोटातही कोणता जंतू आहे ते हिने कळते.

एलायझा ही चाचणी जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती शोधते. गावातील किती जनावरांना हा रोग कधीतरी येऊन गेला, याचा अंदाज त्यावरून येतो. लसीकरणाचा कार्यक्रम ठरवताना ती उपयोगी पडते.

तेव्हा प्रत्येक चाचणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते, हे लक्षात घ्या. आज ताप कशाचा आहे? काच पाहा. वरून निरोगी दिसणारी, बाजारातून आणलेली गाय जंतू बाळगते का? पी.सी.आर. पाहा. गावात रोग किती पसरून गेला? एलायझा पाहा. आजारी नसलेल्या गाईचा पी.सी.आर. सदोष आला म्हणून घाबरून ती विकू नका, आणि तापलेल्या गाईची एक काच स्वच्छ आली म्हणून निर्धास्तही राहू नका. अहवाल आणि लक्षणे दोन्ही मिळून निर्णय पशुवैद्यकांनी करायचा असतो.

थायलेरिओसिसवरची लसही प्रयोगशाळेतल्या अशाच कामातून तयार झाली. रोगट पांढऱ्या पेशी काचेच्या बाटलीत पुनःपुन्हा वाढवल्या की जंतूची रोग करण्याची ताकद जाते, पण शरीराला ओळख करून देण्याची राहते. ही लस जिवंत पेशींची असल्याने द्रवरूप नत्रात साठवावी लागते. ती आपल्या भागात मिळते का, कोणत्या वयाच्या वासरांना आणि कोणत्या महिन्यात द्यावी, हे पशुवैद्यकांना विचारावे. गाभण गाईला ती त्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

चौथी तपासणी : औषध लागू पडते का ?

"साहेब, औषध मारले तरी गोचिडी मरत नाहीत, भेसळ आहे." ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. भेसळ असू शकते. पण दुसरेही कारण आहे. कापसावरील अमेरिकन बोंडअळीवर सायपरमेथ्रिन पूर्वी कसे चालत होते आणि नंतर का चालेना, हे कापूस पिकवणाऱ्यांना सांगायला नको. गोचिडींतही तेच झाले आहे. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन या औषधांना दाद न देणाऱ्या गोचिडी देशाच्या अनेक राज्यांत प्रयोगशाळेतल्या तपासणीत आढळल्या आहेत.

ही तपासणी दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात रक्त पिऊन फुगलेल्या माद्या वजन करून वेगवेगळ्या तीव्रतेच्या औषधात ठराविक वेळ बुडवतात. मग त्या पुसून उबवणी कपाटात ठेवतात. दोन आठवड्यांत किती मेल्या आणि उरलेल्यांनी किती वजनाची अंडी घातली, ते मोजतात. जवळच नुसत्या पाण्यात बुडवलेल्या माद्याही ठेवतात. तो आपला नियंत्रण प्लॉट. मादी जिवंत राहिली, पण अंडी घातली नाहीत तरी औषधाने काम केले, असे समजतात.

दुसऱ्या प्रकारात औषध लावलेल्या गाळणकागदाच्या छोट्या पुड्या करतात. प्रत्येकीत दोन-तीन आठवडे वयाची सुमारे शंभर पिल्ले सोडून पुडी चिमट्यांनी बंद करतात. चोवीस तासांनी उघडून मेलेली व चालणारी पिल्ले मोजतात. तुलनेसाठी कधीही औषध न पाहिलेल्या गोचिडींची वसाहत लागते. अशी वसाहत इज्जतनगरच्या संस्थेत जोपासलेली आहे.

या चाचणीचा निकाल यायला एक-दोन महिने लागतात, कारण मादीने अंडी घालून पिल्ले निघायला तेवढा वेळ जातो. म्हणून ही चाचणी एका गाईसाठी मागू नये. दूध संस्थेने किंवा गावाने मिळून मागावी. एका गावाच्या गोचिडी सर्वांच्या सारख्याच असतात, उत्तरही सर्वांच्या उपयोगाचे असते.

निकाल येईपर्यंत काय करावे?

१) बाटलीवरचे नाव न पाहता आतले औषध पाहा. नावे दहा असतात, औषध एकच असते. सायपरमेथ्रिन लागू पडेना म्हणून डेल्टामेथ्रिन आणले, तर तो बदल नव्हे. दोन्ही एकाच गटातली आहेत. अमिट्राझ वेगळ्या गटातले आहे. बदल करायचा तो गटाचा, आणि पशुवैद्यकांना विचारून.

२) बुचाने अंदाजे मोजू नका. लेबलवर दिलेले प्रमाण मापाने घ्या. कमी मात्रेत बळकट गोचिडी उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

३) पाठीवर शिंपडून भागत नाही. कानामागे, मानेखाली, पोटाखाली, कास आणि मांडीच्या सांध्यात औषध पोचले पाहिजे. डोळे, तोंड सांभाळा. जनावराला आधी पाणी पाजा, उन्हात फवारू नका, अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नका.

४) पिकावरचे कीटकनाशक जनावराच्या अंगावर कधीही वापरू नका. त्याने विषबाधा होऊन जनावरे दगावतात आणि ते दुधातही उतरते.

५) दुभत्या जनावराला कोणते औषध चालते आणि औषधानंतर किती दिवस दूध वापरू नये, हे विचारल्याशिवाय औषध देऊ नका.

६) भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, चुना द्या, शेणाचा ढीग गोठ्यापासून दूर न्या. भिंतींवर ज्योत फिरवायची असेल तर आधी जनावरे, कडबा, गवत बाहेर काढा.

नमुना कसा द्यावा ?

१) रक्ताची काच पशुवैद्यकांकडूनच घ्यावी. काच वाळल्यावर माशा व मुंग्यांपासून झाकून ठेवा. ओल्या रक्तावर माशा बसल्या तर त्या रक्त चाटून नेतात. काच उन्हात ठेवू नका. फॉर्मेलिनच्या बाटलीजवळ ठेवू नका, त्याच्या वाफेने रंग बिघडतो.

२) पी.सी.आर. किंवा रक्तघटकांसाठी रक्त न गोठू देणारे औषध घातलेली, जांभळ्या बुचाची नळी लागते. नळी हलक्या हाताने उलटसुलट करा, जोरात हलवू नका. बर्फाच्या डब्यातून चोवीस तासांत पोहोचवा, पण बर्फात गोठू देऊ नका. एलायझासाठी मात्र साध्या नळीतले गोठलेले रक्त लागते.

३) जात ओळखण्यासाठी गोचिडी बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा आणि ७० टक्के अल्कोहोल असलेल्या बाटलीत टाका. लहान, मोठ्या, नर, मादी अशा सर्व घ्या. नाव-गाव पेन्सिलीने कागदावर लिहून तो कागद बाटलीतच टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

४) औषधाच्या चाचणीसाठी गोचिडी जिवंत लागतात. एरंडीच्या बीएवढ्या फुगलेल्या माद्या घ्या. महिनाभरात औषध न मारलेल्या जनावरांवरूनच त्या काढा. हवा जाईल अशा, तोंडाला मलमल बांधलेल्या नळीत ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत त्या गुदमरतात. किती लागतील ते प्रयोगशाळेला आधी विचारा.

५) सोबत चिठ्ठी द्या. जनावराची जात, वय, ताप किती, कधीपासून, लघवीचा रंग, गाठ सुजली आहे का, कोणते औषध दिले, गाय कोठून आणली. या चिठ्ठीवाचून नमुना मुका असतो.

नमुने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवावेत. तेथून ते पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा पशुसंवर्धन विभागाच्या रोग निदान प्रयोगशाळेत जातात.

माणसांनीही जपावे

गोचीड बोटांनी चिरडण्याची आपल्याला सवय आहे. ती सोडा. गोचिडींतून माणसांनाही काही गंभीर रोग होतात. २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाने माणसे दगावली. तो विषाणू हायलोमा गोचिडीत असतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडतापाची साथ उठली आणि त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधला. हाच ताप २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आढळला. तेथील गोचीड वेगळ्या जातीची, जंगलातली. पण जंगलात चरून आलेल्या गुरांच्या अंगावरून ती घरी येते. म्हणून गोचिडी काढताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा, काढलेल्या गोचिडी रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. गोचीड काढल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण पिकाला खत देण्यापूर्वी माती तपासतो, पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण पाहतो. जनावराच्या बाबतीत मात्र शेजाऱ्याने कोणती सुई दिली, एवढेच विचारतो. पुढच्या खेपेला गाय तापली, तर आधी ताप मोजा, लघवीचा रंग पाहा, खांद्यापुढची गाठ चाचपा आणि पशुवैद्यकांना लवकर बोलवा. सुईच्या आधी काच घ्यायला सांगा. पावसाळा सुरू होण्यापूर्वी गावातल्या दूध संस्थेत बसून गोचिडींचा एक नमुना सर्वांच्या वतीने पाठवायचे ठरवा. एवढे केले तर गोठ्यातली एखादी तरी गाय वाचेल, आणि एक गाय वाचली म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगायला नको.